कान कापलेला पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. माझा वरचा कोपरा कात्रीने कापलेला आहे. मुदत संपलेल्या पासपोर्टचा असा कान कापतात, म्हणजे कुणी मला घेऊन विमानात बसू नये. दुखत नाही. फक्त त्या दिवसापासून कुणी आपल्याला सांभाळून धरत नाही, एवढंच.

माझी मालकीण कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि ती मेण, चिमटा आणि बारीक कानस घेऊन कुणाचं तरी हसू पुन्हा घडवते. परदेशातल्या एका लहानशा डेंटल लॅबने तिला बोलावलं, तेव्हा माझ्या सातव्या पानावर व्हिसाचा एक चकचकीत कागद चिकटवला गेला. त्यावर लिहिलं होतं, ‘लांब मुक्काम’. मी तर फुगलोच. इतकी वर्षं कोरी पानं घेऊन खणात पडून होतो, आता मला काम मिळालं होतं.

सगळं घर तिकडे राहायला गेलं. तिचा नवरा तिथे शाळेची बस चालवायचा. स्वभावाने दिलदार, वाचनाचा आळशी. त्याने तो कागद बोटाने चाचपला आणि निकाल दिला, “लांब मुक्काम म्हणजे कायमचाच की गं. झालो आपण इथले.”

“दर दोन वर्षांनी नवा करायचाय,” ती म्हणाली.

“लायसन्सही नवं करतातच. म्हणून कुणी गाडी चालवायची सोडतं का?”

त्याच आनंदात त्याने जुन्या बाजारातून तीन दारांचं भलंमोठं लाकडी कपाट आणलं. त्याचा एक पाय आखूड होता, पण ते घरी आल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षी तिचे बाबा आजारी पडले. लॅबच्या मालकाने रजा दिली आणि बजावलं, “सहा महिने पूर्ण व्हायच्या आत परत या. नाहीतर हा व्हिसा जाईल.” ती लहानग्या लेकीला, चिमणीला, नवऱ्याजवळ ठेवून माहेरी गेली. बाबांच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर तिची पर्स असायची आणि पर्सच्या आत मी. मला सगळं ऐकू यायचं. परदेशी जाण्याआधी बाबांना तिनेच कवळी करून दिली होती. ती घालून ते आल्यागेल्याला मुद्दाम हसून दाखवायचे.

निघायची तारीख जवळ आली तशी ती पर्समधलं तिकीट काढून बघायची आणि परत माझ्याशेजारी ठेवायची. तेव्हा बाबाच म्हणाले, “थांब म्हणालो तर मी स्वार्थी, जा म्हणालो तर खोटारडा. त्यापेक्षा मी झोपतो. तू बॅग भर.”

ती परतली. माझ्या एकोणिसाव्या पानावर परतीचा शिक्का पडला. त्यानंतर आठव्या दिवशी बाबा गेले.

तिने मला नंतर कधी प्रेमाने उघडलं नाही. व्हिसा नवा करायच्या वेळी मला नेलं आणि न बघता परत ठेवलं. माझी दहा वर्षं भरली, नवा पासपोर्ट आला, माझा कान कापला गेला. घरी येऊन तिने मला कपाटाच्या आखूड पायाखाली सारलं. कपाट डुगडुगायचं थांबलं. मी रागावलो नाही, मित्रांनो. माणसाला कशावर तरी राग काढावा लागतो, आणि शिक्का माझ्यावरच होता.

मग एके दिवशी लॅबच्या मालकाने वयामुळे लॅब बंद केली. पाठोपाठ सरकारी पत्र आलं. नव्वद दिवसांत निघावं लागणार होतं. चिमणीची शाळा, बस, कपाट, सगळंच हवेत. दोघं धावत कचेरीत गेले. तिथे काय झालं, हे दोघं घरी आल्यावर मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, “लांब मुक्काम म्हणजे या कामापुरतं, या मुदतीपुरतं राहणं. काम संपलं की तेही संपलं. कायमचा रहिवास वेगळा. तो कामाला बांधलेला नसतो. सलग पाच वर्षं राहिल्यावर मागता येतो, पण मागावा लागतो. तुमची सहा होत आली. मग इतके दिवस काय केलंत?”

“मी छताकडे बघितलं,” नवरा म्हणाला.

“ते त्यांनीही बघितलं,” मालकीण म्हणाली.

अडचण पुढेच होती. मधल्या प्रवासात ती निघाल्याची नोंद होती, परतल्याची सापडत नव्हती. सहा महिन्यांच्या आत परतल्याचा पुरावा नसेल, तर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

नवऱ्याने माझ्यासाठी सगळे खण उपसले. ती दारातच उभी होती. “कपाटाखाली आहे,” ती म्हणाली.

“हे माझ्या अंगावर पडलं तर रहिवास कुणाच्या नावाने मागशील?” असं म्हणत त्याने कपाट खांद्याने उचललं. चिमणीने मला ओढून काढलं. माझा पुठ्ठा चेपला होता, पण आतली पानं कोरडी होती. मालकिणीने फरशीवरच बसून एकोणिसावं पान उघडलं. पाच महिने आणि चोवीस दिवस. शिक्का स्वच्छ होता.

अर्ज मंजूर झाला. कार्ड आलं ते तळहातावर मावेल एवढं, एकही पान नसलेलं. “एवढंसंच?” नवऱ्याने उलटून पाहिलं. खिडकीतल्या बाईंनी म्हणे ताकीद दिली होती की सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर हेही जातं. “म्हणजे कायमचाही अटीवरच,” मालकीण हसून म्हणाली. कार्डाने तिचा देश बदलला नाही, तो पासपोर्टातच राहिला. पण आता तिचं राहणं एका मालकाच्या लॅबवर टांगलेलं नव्हतं. तिने दुसऱ्या लॅबमध्ये काम धरलं. कपाटाखाली पुठ्ठ्याची घडी गेली आणि मी खणात, कार्डाशेजारी.

तर मित्रांनो, दूर देशी राहायला गेलात, तर चिकटवलेल्या कागदावरचा शब्द नीट वाचा. कळला नाही तर विचारा, छताकडे बघू नका. आणि कान कापलेल्या आम्हा जुन्या पासपोर्टांना फेकू नका, पायाखालीही घालू नका.

मालकीण अजून कधीतरी मला उघडते. पण आता एकोणिसाव्या पानाशी थांबत नाही, अठराव्यावर मागे जाते. ती माहेरी पोहोचली त्या दिवसाचा शिक्का तिथे आहे, जरा तिरका. तारखेवर बोट ठेवून ती चिमणीला सांगते, “हे बघ, या दिवशी मी आजोबांकडे पोहोचले. त्यांनी आधी कवळी लावली आणि मगच दार उघडलं.”