भट्टी काऊन तापवता?

सेलूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची जागा निघाली होती. जागा एकच, उमेदवार डझनभर. तासिका तत्त्वावर राबून राबून मी पार विटले होते. ही कायमची नोकरी मला हवीच होती. नमुना पाठाला विषय मिळाला : अमोनिया बनवताना तापमान आणि दाब किती ठेवायचा. हे तर मला झोपेतही येतं, म्हणून खुशीत फळ्याकडे वळले.

"नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान कमी ठेवलं तर अमोनिया जास्त मिळतो. पण कारखान्यात मात्र साडेचारशे अंश ठेवतात."

पुढच्याच बाकावर संस्थेचे अध्यक्ष नानाजी बसले होते, पक्के कापूसवाले शेतकरी.

"थांब बाई. थंड्यात जास्त भेटते, तं मंग भट्टी काऊन तापवता? येडे आहेत का कंपनीवाले?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. समतोल, अभिक्रियेचा वेग, सगळं. नानाजींनी मोठी जांभई दिली. शेजारचे तज्ज्ञ घड्याळ बघू लागले. मला राग आला. समोर माणूस जीव तोडून शिकवतोय आणि हे जांभया देतात!

मी खडू ठेवला. "नानाजी, एक बाई बोंडातला तंतू न तंतू काढत बसते. संध्याकाळी तिचा कापूस किती?"

"मूठभर."

"दुसरी भराभर वेचते, थोडा झाडावर सोडते."

"तिचंच गाठोडं मोठं. सुटलेला पुढच्या वेचणीत येते."

"कमी तापमान म्हणजे ती पहिली बाई. कारखान्याला दुसरी परवडते. उरलेला वायू पुन्हा भट्टीत फिरवतात."

नानाजी सावरून बसले. "मंग अजून तापवा ना!"

"मग इतकी घाई होते, की वेचलेलाच खाली सांडतो. झालेला अमोनिया पुन्हा मोडतो."

"आन दाब?"

"वाढवला की अमोनिया वाढतो. पण नळ्याही तेवढ्या जाड लागतात, पंपही महाग. परवडेल तिथवरच."

तज्ज्ञ हसून मान डोलवत होते. नानाजींनी बाकावर थाप मारली.

"मले समजलं, तं पोट्ट्याईले समजनच. सोमवारपासून येजो!"

बसस्टँडवरून आर्वीला आईला फोन लावला. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"आई, भेटली नोकरी!"

"काय विचारलं वं?"

"कापूस कसा वेचतात ते."

माझ्या आईने जन्मभर कापूसच वेचलाय.

"हे तं मीच शिकवलं असतं," ती म्हणाली. "मंग तुले एमएस्सीले काऊन पाठवलं?"