तिठ्यावरचा चोथा

काढा गाळून झाला की मडक्यात उरलेला चोथा तिठ्यावर नेऊन टाकायचा, ही युनश्यूच्या सासरची रीत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी तो तुडवला की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं म्हणे. युनश्यूने त्यासाठी गल्लीचा कोपरा नाही, तर शाळेच्या पायऱ्या जिथे मिळतात तो वरचा तिठा हेरला होता. तिथे दिवसाकाठी शंभर पावलं तरी पडायची. दुखणं घालवायचंच तर कंजुषी कशाला?

दुखणं नवऱ्याचं होतं. गुइशेंगने सोळा वर्षं दक्षिणेकडच्या बोगद्यांत खडकाला भोकं पाडली, तीही पाण्याविना, कोरडी, आणि सगळी धूळ फुप्फुसांत भरून घरी आणली. पांग वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "आत बसलेला दगड माझ्या काढ्याने विरघळायचा नाही. खोकला सैल होईल, झोप लागेल. इस्पितळाची औषधं बंद करू नका."

"आणि चोथा?" युनश्यूने विचारलं.

"ते तुझ्या सासूचं शास्त्र. माझ्या पोथीत नाही."

युनश्यूला दोन्ही शास्त्रं हवी होती. नवरा हातचा जाऊ द्यायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

दोन आठवडे झाले. गुइशेंगला रात्री झोप लागू लागली, पण सकाळी ती मळ्यातून परत येईतो हा उंबऱ्याशी बसलेला आणि छातीचा भाता चाललेला. त्याहून नवल म्हणजे, चोथा टाकल्यावर तासाभराने पाहावं तर तिठा लख्ख! मुळाचा तुकडा नाही की संत्र्याची साल नाही. कुणी तुडवायच्या आत चोथाच पळत असेल तर दुखणं जाणार कसं? तिची झोप उडाली.

पहिला संशय शेजारच्या डुकरावर गेला.

"फूकाकी, तुमचं डुक्कर हल्ली फारच टुणटुणीत दिसतंय. माझ्या नवऱ्याचं औषध खातं की काय?"

"रताळ्याशिवाय काही गिळत नाही मेलं, लाडावलंय," काकी म्हणाली. "तुझ्या त्या कडूजहर पाल्याला कोण तोंड लावतंय!"

दुसऱ्या दिवशी चोथा टाकून युनश्यू मळ्याकडे निघाल्यासारखी निघाली आणि वळून बांबूच्या बेटाआड बसली. थोड्या वेळाने पायऱ्यांवर कुणाचीशी चाहूल लागली. दोन पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा दोन. हातात सुपली घेऊन वर आला तो गुइशेंग. तो खाली बसला आणि चोथा हाताने गोळा करू लागला. रोज सकाळचा तो भाता या पायऱ्यांचा होता तर!

"ए म्हाताऱ्या! जिवावर उठलायस का स्वतःच्या?" ती धावत पुढे आली.

श्वास जमवायला त्याला वेळ लागला. "आता पोरं येतील. शाळेची."

"येऊ देत की! त्यासाठीच तर टाकते."

"ती तुडवतील. आणि घेऊन जातील... हे, छातीतलं."

"अरे, नुसती रीत आहे ती!"

"नुसती रीत आहे, तर रोज एवढं चढून कशाला येतेस?"

युनश्यूने सुपली ओढायला हात घातला, पण त्याने ती सोडली नाही.

"आम्ही नऊ जण गेलो होतो बोगद्यात," तो म्हणाला. "उरलो मी एकटा. हे कुणाच्या पोराला द्यायचं नसतं गं."

युनश्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंभर पावलं मोजताना ती कुणाची, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. खालून पोरांचा कलकलाट ऐकू येऊ लागला. गुइशेंगचे हात घाई करू लागले आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तिने त्याला दंडाला धरून बाजूला बसवलं, सुपली घेतली आणि भराभरा सगळं भरलं. शेवटची मूठ राहिली तेव्हा तिने पायातले बूट काढले आणि दोन्ही पाय त्या ओल्या, कोमट चोथ्यावर दाबून ठेवले.

"उतर! उतर आधी!" गुइशेंग ओरडला.

"गप बस. पोरांना नको ना? मग अर्धं मला दे."

मग तेही तिने सुपलीत भरलं, सालीचा कपटाही मागे ठेवला नाही, आणि पोरं वळणावर पोचायच्या आत नवऱ्याचा हात खांद्यावर घेऊन ती पायऱ्या उतरू लागली.