टपावर फांदी, चाकापुढे चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरला म्हणून चालला. दुसऱ्या कुणी वापरला की मला राग येतो, आणि राग आला की मी चढावर मुद्दाम खोकते. रंगाने मी पांढरी, पण माझी नंबरपाटी पिवळी आहे. पिवळी पाटी म्हणजे भाड्याने माणसं नेणारी गाडी. गेली कितीतरी वर्षं मी महाबळेश्वरात पाहुण्यांना फिरवते आहे आणि थांबण्याचा माझा अजून विचार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे पत्रा दाबला, सांधे जोडले, रंग चढवला आणि मोठ्या ट्रेलरवर बसून मी साताऱ्याच्या दुकानात आले. मला न्यायला सिकंदरभाई आले. तोवर ते दुसऱ्याची टॅक्सी चालवत होते. मी त्यांची पहिली स्वतःची गाडी. सोबत त्यांची बायको सबीना होती. ती वडूजकडची, तोंडावर बोलणारी आणि महाहट्टी. तिने मला गुलाबाचा हार घातला, दुवा मागितली आणि दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. मग माझ्याभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "आता हिला जपायचं आपुन." त्या एका वाक्यावर मी तिची झाले.

मग सुरू झाले कामाचे दिवस. सकाळी एक पॉइंट, दुपारी दुसरा, संध्याकाळी सूर्यास्त. पाहुणे म्हणायचे, "केवढी ऐसपैस गाडी आहे हो!" आणि मी आणखी ऐसपैस बसायचे. घाटात मुलं ओकायची, वरून मका आणि स्ट्रॉबेरी सांडायची, तेही मी सोसलं. सिकंदरभाई रोज सकाळी मला पुसायचे. माझ्या काचेत बघून ते भांगही पाडायचे. त्या कौतुकाच्या दिवसांत मला वाटायचं की जगात माझ्याइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही.

पावसाळ्यात मात्र आमच्याकडे पाहुणे कमी. घरं, दुकानं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली जातात. मलाही गुंडाळून घरापुढच्या जांभळाच्या झाडाखाली उभं करत. माझ्या विम्याची मुदत नेमकी पावसाच्या तोंडावर संपायची. पहिली काही वर्षं सिकंदरभाईंनी माझा पूर्ण विमा काढला, ज्याला सगळे फुल इन्शुरन्स म्हणतात. माझ्या अंगावर कधी ओरखडा आला नाही. मग त्यांच्या डोक्यात एक विचार आला.

"चार म्हैने गाडी हुबीच असती," ते सबीनाला म्हणाले. "हुब्या गाडीला काय हुतंय? नुसती थर्ड पार्टी काढू. कायद्याला बी तेवढीच लागती."

"म्हंजी विमा हाय न्हवं?" सबीनाने विचारलं.

"हाय की!"

तेवढ्यावर दोघंही निश्चिंत झाले. स्टँडवरच्या पुष्कळ गाड्यांचं असंच चालायचं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्याच आषाढात जांभळाची फांदी माझ्यावर कोसळली. मी हलले नव्हते, धावले नव्हते, गुपचूप उभी होते. टप आत दबला, पुढची काच फुटली आणि पाऊस थेट माझ्या गाद्यांवर पडू लागला. मित्रांनो, मला लागलं त्याहून जास्त मला लाज वाटली. सिकंदरभाईंनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देतो. तुमच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. फोन ठेवल्यावर सिकंदरभाईंनी माझ्या फुटक्या काचेवर प्लास्टिकचा कागद बांधला.

दोन-चार दिवसांनी साताऱ्याहून भंगारवाला आला. त्याने माझ्या दारावर बोटं वाजवली आणि किलोवर भाव सांगितला. किलोवर! जणू मी कांदेबटाटेच होते. सिकंदरभाई खाली मान घालून तयार झाले होते. म्हणाले, "परत दुसऱ्याची गाडी चालवीन. सवय हाय मला."

तेवढ्यात सबीना पदर खोचून दारात आली. "गाडी इकायची न्हाई."

"अगं, पर दुरुस्तीला..."

"माझी स्ट्रॉबेरीची कमाई हाय की." सबीना हंगामात एका शेतावर स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरायचं काम करते. "ती घाला हिच्या टपात. आवं, तुमी परत दुसऱ्याच्या गाडीवर जाल, तर एवढी वर्षं आपुन केलं काय? फकस्त एक सांगते. हितनं फुडं विमा मला कळल्याबिगर भरायचा न्हाई."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. वाईच्या गॅरेजमध्ये माझा टप वर आला, नवी काच बसली, आणि त्या हंगामात मी पुन्हा स्टँडवर उभी राहिले. टपावर हात फिरवला तर अजून खळगा लागतो. तो मी मिरवते.

पुढच्या उन्हाळ्यात विम्याची मुदत जवळ आली तशी सबीना मोहिमेवर निघाली. पाचगणी, वाई, सातारा, जिथे विम्याची पाटी दिसेल तिथे ती मला थांबवायला लावी आणि आत जाई. सिकंदरभाई बाहेर बसून कंटाळत. मी काच खाली असली की कान देऊन ऐके. एवढं कळलं की थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला असतो, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणून चार ठिकाणी विचारायचं ते त्यासाठी. एका दुकानात मात्र सगळाच हप्ता फार स्वस्त निघाला. दुकानदार हळूच म्हणाला, "खाजगी गाडी म्हणून दाखवू, काम झालं."

"आन् भाडं घिऊन जाताना कुटं आपटली तर?" सबीनाने विचारलं.

दुकानदार पंख्याकडे बघू लागला. सबीना उठली आणि बाहेर येऊन तिने माझं दार धाडकन लावलं. विमा स्वस्त मिळत होता, पण भाड्याच्या गाडीला खाजगी म्हणून काढलेला विमा वेळेला उपयोगी पडला नसता. दार लागलं तेव्हा मला दुखलं.

शेवटी साताऱ्याचे उदयसिंह भेटले. ते फौजेतून निवृत्त होऊन विमा प्रतिनिधी झाले होते. त्यांनी बॅगेतून रंगीत कागद काढले आणि बोलायला सुरुवात केली. सबीनाने ते कागद बाजूला सारले.

"दादा, कागदावर नको. गाडीवर दाखवा. तुमी घरी या."

ते आले. त्या दिवशी आमच्या अंगणात जे झालं ते मी कधीच विसरणार नाही. सबीनाने जांभळाची एक डहाळी तोडून माझ्या टपावर ठेवली. सिकंदरभाईंची टोपी काढून चालकाच्या जागेवर ठेवली. आपली पिशवी मागच्या आसनावर ठेवली. मग पायातली एक चप्पल काढली आणि माझ्या पुढच्या चाकासमोर, जमिनीवर ठेवली.

"आता सांगा. ह्यातल्या कुणाला काय झालं, तर कोण बघणार?"

उदयसिंह हसले, पण मग गंभीर झाले. त्यांनी टपावरच्या डहाळीला हात लावला. "भाभी, झाड पडलं, पूर आला, आग लागली, चोरी झाली, गाडी स्वतः आपटली, तर हे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. ओन डॅमेज म्हणतात. तो आणि थर्ड पार्टी एकत्र घेतला की झाला फुल." मग पिशवीकडे बोट केलं. "हे प्रवासी. टॅक्सीच्या थर्ड पार्टीत त्यांची जबाबदारी येते." मग टोपी उचलली. "मालक स्वतः चालवतो, म्हणून त्याचा अपघाती विमा वेगळा. जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्याचे पैसे मिळतात. तो सोडू नका."

"त्यो पयला लिवा," सबीना म्हणाली. "गाडी दुसरी मिळंल. ह्यो मानूस मी कुटनं आणू?"

सिकंदरभाईंनी टोपी परत घेऊन डोक्यावर ठेवली आणि ते उगाच माझा आरसा पुसू लागले. खरं सांगते, मला तेव्हा जरा लागलं. आपल्याला जपायचं म्हणून हा सगळा खटाटोप चालला आहे, असं मी समजत होते.

"आणि ही चप्पल कुणाची?" उदयसिंहांनी विचारलं.

"जिला आमी वळखत न्हाई, तिची."

"तिच्यासाठीच थर्ड पार्टी," उदयसिंह म्हणाले. "कायदा सक्ती करतो ती हिच्यासाठी."

मग माझी किंमत ठरली. विम्यात गाडीची आजची किंमत धरतात, आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढीच मिळते. ती ऐकून माझे दिवे मिणमिणले. सिकंदरभाई म्हणाले, "आनखी कमी धरा, हप्ता उतरंल." सबीनाने मान हलवली. "हाय ती धरा. उद्या गाडी गेली, तर हप्त्यात वाचलेल्या पैशात दुसरी येनार हाय व्हय?" झिरो डेप नावाचा एक जादा विमा असतो, त्यात घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, न कापता नव्या भागांची पूर्ण रक्कम मिळते, पण माझ्या वयाला तो मिळत नव्हता. आणखी दोन-तीन जादा गोष्टी सबीनाने एकेक विचारून नाकारल्या. उदयसिंहांनी एक युक्ती सांगितली: वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते.

"मंग बारीकसारीक खरचटलं तर आमचं आमी बघू," सबीना म्हणाली. "मोठं झालं तर तुमी."

मधलं वर्षभर पूर्ण विमा नव्हता, म्हणून आधी माझी तपासणी झाली. उदयसिंहांनी माझे चारही बाजूंनी फोटो काढले. मी छान उभी राहिले. आणि सगळं झाल्यावर सबीनाने शेवटचं काम केलं, ज्याला एक पैसा लागला नाही. तिने मला जांभळाखालून काढून उघड्यावर लावायला सांगितलं.

पुढचा पाऊस सरत आला. स्ट्रॉबेरीच्या रोपांची लावणी सुरू झाली. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की मला माझंच नाक दिसत नव्हतं. सिकंदरभाई हळू चालवत होते, दिवे लावून, हॉर्न देत. वळणावर एक बाई अचानक पुढे आली. ब्रेक लागला, मी घसरले, आणि धप्प असा आवाज झाला.

ती रस्त्याकडेला पडली होती. एक पाय वाकडा झाला होता. तिची चप्पल माझ्या पुढच्या चाकासमोर पडली होती, अगदी सबीनाने ठेवली होती तिथेच.

मागून आलेल्या एका मोटरसायकलवाल्याने थांबून बघितलं आणि तो सिकंदरभाईंच्या कानात कुजबुजला, "पळ रं गड्या. धुक्यात कोन बघतंय?"

सिकंदरभाईंचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. माझं इंजिन सुरूच होतं, रस्ता पुढे मोकळा होता. मी मनात म्हटलं, आता यांनी पळायचं ठरवलं तर मी गिअर घेणार नाही. पण ते खाली उतरले. त्यांनी चप्पल उचलली आणि ते त्या बाईजवळ बसले. "मावशी, लय लागलं काय? भिऊ नका, मी हाय." मोटरसायकलवाल्याच्याच मदतीने त्यांनी तिला मागच्या आसनावर निजवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. तिथून पोलिसांना फोन, मग उदयसिंहांना.

तिचं नाव मनुबाई. लावणीच्या कामाला निघाली होती. मी काही दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिले. शेजारी एक जीप होती, तिचा विमाच नव्हता. तिचा मालक रोज येऊन डोकं धरून बसायचा, कारण भरपाई त्याला स्वतःच्या खिशातून द्यायची होती. माझे सगळे कागद चोख होते, म्हणून मी सुटले. मनुबाईंचा दावा चालला. वेळ लागला, खेटे पडले, पण भरपाई विमा कंपनीने दिली. त्यासाठी आमचं घर किंवा मला विकायची वेळ आली नाही. त्या वर्षी उदयसिंहांनी विचारलं, "भाभी, पुढचा दिवा फुटलाय, मागायचे का पैसे?" सबीना म्हणाली, "बारीक हाय. आमचं आमी बघू."

मित्रांनो, इतकी वर्षं मी समजत होते की विमा म्हणजे माझी किंमत. आता मला माझी किंमत कळली आहे आणि ती थोडी आहे, तरी मला त्याचं दुःख नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर आईबाबांसोबत एकदा तिच्याभोवती फिरा. टपावर एक डहाळी ठेवा, चालकाच्या जागेवर टोपी ठेवा, मागे पिशवी ठेवा. आणि चाकापुढे एक चप्पल ठेवायला विसरू नका. मग विचारा, यातल्या कुणाला काय झालं तर कोण बघणार? उत्तर मिळेपर्यंत मागे हटू नका.

मनुबाई आता जरा लंगडत चालतात, पण कामाला जातात. स्ट्रॉबेरीच्या हंगामात सिकंदरभाई सकाळी सबीनाबरोबर त्यांनाही शेतावर सोडतात. चढताना त्या दारातच चपला काढतात, घरात शिरल्यासारख्या, आणि सबीना रोज ओरडते, "आवं, असू द्या की पायात!" त्या ऐकत नाहीत. चपला हातात घेऊन आत येतात आणि आसनाखाली नीट जोडून ठेवतात. चाकापुढची ती चप्पल आता माझ्या आत असते.