गुरुवारची काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका डोळ्याचा, पितळी अंगाचा आणि थोडासा गर्विष्ठ. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका कॉलेजातल्या मुलांनी मला कांद्याची साल दाखवून दाखवून वैताग आणला. पुढे १९८३ साली डॉ. धर्मराज यांनी मला चादरीत गुंडाळले, मांडीवर घेतले आणि खाडीपुलावरून वाशीच्या एका नव्या इस्पितळात आणले. तेव्हा खिडकीतून मिठागरे दिसत. तिकडून येणारा लख्ख उजेड मी माझ्या आरशात धरत असे. काय दिवस होते ते!

डॉ. धर्मराज गाठी तपासत. पण गाठीचा नमुना लावलेली काच माझ्याकडे यायची ती बहुधा ऑपरेशन झाल्यावर. सर्जन डॉ. रावसाहेब गाठ चाचपत आणि तारीख देऊन मोकळे होत. त्यांच्या हाताला यश होते, म्हणून कोणी बोलत नसे. शेवटी धर्मराजांनी हट्टच धरला. दर गुरुवारी, ऑपरेशनच्या आधीच, स्तनाच्या आजाराच्या बायकांचे कागद आणि काचा घेऊन सर्वांनी माझ्याभोवती बसायचे. सर्जन, एक्सरेवाले डॉक्टर आणि वॉर्डातल्या यशोदा सिस्टरसुद्धा. आधी प्रत्येकाने बघायचे, मग बोलायचे. प्रत्येकाची नजर वेगळी, त्यामुळे जो तो माझी चकती फिरवी. माझा जीव मेटाकुटीला येई, पण मान मिळतोय म्हणून मी सुखावतही असे.

एका गुरुवारी घणसोलीच्या शेवंताबाईची काच आली. सुईने गाठीतून घेतलेला नमुना होता तो. बाईचे पोर चार महिन्यांचे होते आणि सोमवारी तिचा स्तन काढायचा होता. संमतीच्या कागदावर अंगठाही उठवून झाला होता.

"ती येकच इचारते," यशोदा सिस्टर म्हणाल्या, "येके आंगाव पिऊन पोर जगल का?"

"कॅन्सरच आहे. माझ्या हाताला कळतं," रावसाहेब म्हणाले.

"पेशी तशा दिसत नाहीत, सर," धर्मराज म्हणाले. "मला क्षयाची गाठ वाटतेय. तुम्ही बघा तरी."

रावसाहेब वाकले. बराच वेळ बघत राहिले. सिस्टर जवळच्याच बोनकोडे गावच्या, गावोगावची माहिती असलेल्या. त्या चाचरत म्हणाल्या, "डॉक्टर, हिचे सासऱ्याला टीबी हाय. येकाच खोलीन निजतात सगली."

रावसाहेबांनी सोमवारच्या यादीतले नाव खोडले. गाठीचा छोटा तुकडा काढून तपासला, तर क्षयच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. वर्षभराने शेवंताबाई पोराला कडेवर घेऊन आली. गाठ विरली होती. तिने माझ्यात डोकावून बघितले. "मना कायच दिसं नाय," म्हणाली आणि खळखळून हसली. मला अगदी भरून आले.

रावसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी या बैठका सुरू होण्याआधीच्या काचा मागवल्या आणि दुपारभर एकटे माझ्यापाशी बसले. एका काचेवर ते फार वेळ थांबले. तिच्यातही कॅन्सर नव्हता. अहवालात तसे लिहिलेही होते; पण तोवर ऑपरेशन होऊन गेले होते. रावसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आज मी कपाटात पडून आहे. खाडीच्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, जमल्यास ती पुसा. नाही पुसलीत तरी मी रुसणार नाही. पण कोणाच्या अंगाला सुरी लावण्याआधी सगळ्यांना एकदा बघू द्या, सगळ्यांना बोलू द्या. त्या जुन्या काचेवरची बाई कोण, कुठल्या गावची, हे मला कधीच कळले नाही. काचेवर फक्त नंबर होता.