आबांचा अडलेला मंत्र

मित्रांनो, मला वीस बाजू आहेत, पण त्यांतली एकही मला स्वतःहून वर आणता येत नाही. निळ्या रंगाचा, बोराएवढा जुना फासा मी. कारखान्यातल्या साच्यातून निघालो आणि पार्सलमधून वर्ध्याला रुचिकाच्या घरी आलो.

रविवारी दुपारी रुचिकाच्या कॉलेजातले रुपेश आणि जागृती येत आणि गोष्टीचा खेळ मांडत. रुचिका गोष्ट सांगायची, बाकीचे त्यातली माणसं व्हायचे. जागृती तलवारवाली, रुपेश चोर. मांत्रिक कोणी नव्हता. तेव्हा रुचिकाचे आजोबा, पोस्टातून निवृत्त झालेले प्रभाकरराव, म्हणाले, "मले घ्या न. काऊन, म्हातारा मांत्रिक चालत नाई का?"

सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी मंत्र म्हटला की शेजारची कुत्री भुंकायची!

मंत्राचा नियम सोपा होता. तो मोठ्याने म्हणायचा. शत्रूने तोंड बांधलं, तर मंत्र अडला. मग मला टाकायचंच नाही. म्हणता आला, तर मला टाकायचं. मोठा आकडा पडला तर मंत्र लागला, लहान पडला तर फसला.

मागच्या उन्हाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून ते परतले, तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं, पण शब्द निघत नसे. मी बरेच दिवस डबीत पडून होतो. शेवटी मुलांनी आबांच्या पलंगाशीच खेळ मांडला.

गोष्टीत नदीला पूर आला आणि जागृतीची तलवारवाली वाहून जाऊ लागली. पाणी थांबवायचा मंत्र फक्त मांत्रिकाकडे होता.

"था... था..." आबांचं तोंड वाकडं झालं.

"झालं आबा, मंत्र झाला. मी धरून घेते," रुचिका घाईने म्हणाली.

आबांनी डावा हात पलंगावर आपटला. त्यांना सूट नको होती.

कूलर घरघरत होता. आबांच्या कपाळावर घाम आला. जागृती रडकुंडीला आली. "आबा, राहू द्या न. मेली तर मेली."

"था... थांब... पाणी!"

शब्द आला! आबांनी डाव्या हाताने मला टाकलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वीस व्हायचं होतं. मी घरंगळलो, चादरीच्या घडीला अडखळलो आणि थांबलो. दोन.

रुचिकाने मला उलटवायला हात पुढे केला, पण आबांनी मला मुठीत झाकलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी त्या ओल्या मुठीत काहीच करू शकत नव्हतो.

जागृती त्यांच्याजवळ सरकली. "आबा, मंत्र अडला नाई. तुमी म्हटला, आमी ऐकला. फासा बेकार पडला, त्याले तुमी काय करसान?"

आबांनी हळूच मूठ उघडली.

त्यानंतरही त्यांची वाचा फारशी सुधारलेली नाही. भेटायला येणारी माणसं मायेचीच असतात, पण आबांनी "च..." म्हटलं की कोणी "चहा" म्हणतं, कोणी "चष्मा". आबा मान खाली घालतात. मला ओरडावंसं वाटतं, पण मला तोंडच नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. कोणाचा शब्द असा अडला, तर तो हिसकून घेऊन पुरा करू नका. जरा बसा. तो चहा म्हणणार आहे की चष्मा, हे त्यालाच म्हणू द्या.