आधी वाटा, मग फावडं

तलासच्या खोऱ्यातल्या त्या गावाची पाटकरीण म्हणजे बुरुलकान. कुणाच्या शेताला पाणी कधी सुटणार हे ती ठरवायची, आणि भांडणं झाली की दोन्हीकडच्या शिव्याही तीच खायची. यंदा मात्र सोडायला पाणीच नव्हतं. डोंगरात बर्फ भरपूर वितळत होतं, पण वरच्या वळणाला पाट गाळानं गच्च भरला होता आणि सगळं पाणी माघारी नदीत जात होतं. खाली घेवडा फुलोऱ्यावर आलेला. आठवडाभरात पाणी पोचलं नाही तर फुलं गळणार आणि गावाचा वर्षाचा हंगाम मातीत जाणार.

पूर्वी अशा वेळी आशार व्हायचा. आशार म्हणजे आपली इर्जिकच. बोलावणाऱ्यानं पोटभर जेवू घालायचं, बाकीच्यांनी फावडी घेऊन यायचं. मजुरीचा शब्द काढणं म्हणजे बोलावणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. मग डोंगरात सोन्याच्या खाणीसाठी परदेशी कंपनी आली. तिच्या पाठोपाठ देशात इतके डॉलर आले की सोमचा भाव चढला. गावाला वाटलं, आपलं नाणं वधारलं म्हणजे आपणच वधारलो! पण घेवडा विकत घेणारे तुर्की व्यापारी पैसे देणार डॉलरमध्ये. त्याच पोत्याचे सोम दरसाल कमी होऊ लागले आणि शेतमजूर मात्र खाणीचा भाव मागू लागले. शेवटी अर्धं गाव खाणीवर गेलं. पाट उपसायला कंपनीचा पोकलेन यायचा, फुकट. त्या फुकटापायी गावाची फावडी गंजली. बुरुलकानला त्याचा फार राग होता आणि ती तो लपवतही नसे.

गेल्या शरदात दूर कुठल्या तरी शहरातल्या पैसेवाल्यांना दुसरीकडे जास्त व्याज दिसलं. त्यांनी हात आखडला आणि आठवड्याभरात खाणीच्या फाटकाला कुलूप लागलं. सोम घसरला, दुकानातलं तेल-साखर महागली. एकच गोष्ट बरी झाली. घेवड्याला पुन्हा भाव आला. म्हणून तर बुरुलकानला यंदाचं पीक काहीही करून घरात आणायचं होतं.

ती दारोदार फिरली. पहिलं घर धाकट्या दिराचं, एसेनकुलचं. खाणीवर पोकलेन चालवणारा हा गडी कंपनीचं नारिंगी जाकीट घालून, मांडीवर फोन ठेवून घराच्या फाटकापाशी बाकड्यावर बसला होता.

"रोज काय देणार, वहिनी?"

"काय म्हणालास?"

"रोजंदारी. चिडतेस कशाला? विचारलं नुसतं."

"लग्न होऊन आले तेव्हा तुझं नाक पुसायचे मी. मला रोज विचारतोस?"

"नवी कंपनी येतेय म्हणतात. आली की पाट सिमेंटचा करून देईल. मला फोन येईलच एवढ्यात."

"मग तोवर फुलांना थांबायला सांगू का? की त्यांनाही फोन येणार आहे?"

तो हसला, पण उठला नाही. बाकीच्या घरांतही हेच. कुणी रोज विचारला, कुणी नव्या कंपनीचं नाव सांगितलं.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं पाटाच्या मुखाशी कढई चढवली. मुलीच्या लग्नासाठी राखलेला मेंढा कापला होता. आला फक्त म्हातारा सापारबाय, फावड्याचाच आधार घेत. दुपार झाली, मटण शिजून हाडावरून सुटायला लागलं, रस्त्यावर कुणी दिसेना. बुरुलकान दगडावर बसली आणि रडली. मेंढ्यासाठी नाही, गावासाठी.

मग डोळे पुसून उठली.

"काका, वाटे घाला."

"कुणाचे? आपण तर दोघंच."

"सगळ्यांचे. ज्याला जे हाड मानाचं, ते त्याला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. कुणाला मांडीचं, कुणाला फऱ्याचं, कुणाला बरगडीचं, हे त्याला तोंडपाठ होतं. वाटे गाढवावर लादून बुरुलकान पुन्हा तीच दारं चढली. प्रत्येक दारात एकच वाक्य: "आशारचा वाटा आणलाय." मानाचा वाटा परत करणं म्हणजे नातं तोडणं. घेताना काहींच्या माना खाली गेल्या, काहींनी वासानंच कालची रोजाची भाषा विसरून घास तोंडात टाकला.

एसेनकुलपुढे तिनं कमरेचं हाड ठेवलं. तो चपापला.

"हा तर थोरल्यांचा वाटा. मला कसा?"

"त्या वळणाला कुठं दगड लागतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? खा."

"पण मी आलोच नव्हतो."

"उद्या ये."

त्यानं हाड उचललं. मग खाल्लं, आणि बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, तू तर कंपनीच्याही वरताण निघालीस. आधी ओतायचं, मग वसूल करायचं."

"कंपनीनं ओतलेलं आठवड्यात काढून नेलं. माझा मेंढा तुमच्या पोटात गेलाय. तो मी कुठं काढून नेऊ? आणि तो घेऊन तुम्ही तरी कुठं पळाल?"

सकाळी ती पाटावर निघाली. वळणाच्या अलीकडेच फावड्यांचा आवाज ऐकू आला आणि ती चक्क धावत सुटली. अख्खं गाव गाळात उतरलं होतं. तळहातांना फोड येत होते, जुने गडी नव्यांची टिंगल करत होते. नारिंगी जाकीट एका झुडपावर टांगलं होतं आणि एसेनकुल पहारीनं पाटात आडवा बसलेला धोंडा हलवत होता.

उन्हं कलेपर्यंत बहुतेक गाळ उपसून झाला, पाणी अडवणारा तो धोंडाच काय तो उरला, आणि तेवढ्यात जाकिटातला फोन वाजला. फावडी थांबली. सगळे एसेनकुलकडे बघू लागले. त्याचे दोन्ही हात पहारीवर होते आणि धोंडा नुकताच डुगडुगायला लागला होता. सोडला असता तर परत बसला असता.

"वहिनी, बघ गं कोण आहे," तो दात आवळून म्हणाला.

बुरुलकाननं फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस नव्या कंपनीचा होता, पोकलेनवाल्याची चौकशी करत होता.

"एसेनकुल कामावर आहे," ती म्हणाली. "पाणी शेताला लागलं की बोलेल."

तिनं फोन जाकिटाच्या खिशात ठेवला आणि सापारबायच्या हातातलं फावडं घेतलं. धोंडा बाजूला कलंडला आणि गढूळ पाणी सगळ्यांच्या पायांवरून खाली घेवड्याच्या दिशेनं धावलं.