राखाडी टोपणाची नळी

दंडाला पट्टा आवळलेला असतानाच तिने नळीचं टोपण पुन्हा पाहिलं. राखाडीच होतं.

"अगं, तिसऱ्यांदा बघतेयस," लॅबमधले काका सुई उचलत हसले. "दिवसभर लोकांना टोचतेस, आणि स्वतःवर आलं की फे फे!"

"काका, लगेच मशीनला लावा. माझ्यासमोर. रांग थांबू दे."

दोन वर्षांपूर्वी रांग थांबली नव्हती. पहिल्या गरोदरपणाचा सहावा महिना होता. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी तिने रक्त दिलं. राखाडी टोपणाच्या नळ्या संपलेल्या, म्हणून हाताला लागली ती लाल टोपणाची घेतली आणि स्टँडच्या टोकाला ठेवून दिली. बाहेर तीस माणसं उपाशी ताटकळत होती. आपलंच तर आहे, होईल मागाहून. नळी तीन तास तशीच राहिली. नळीतल्या पेशीही साखर खात राहतात, राखाडी टोपणाच्या नळीतली पूड त्यांना आवरते, हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची.

आकडा आला एकशे एकतीस. नॉर्मल. सासूबाईंनी आनंदाने तिच्या पुढ्यात गोडाच्या वाट्या सरकवण्याचा सपाटा लावला.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. चांगलं सव्वातीन किलोचं होतं. आईची साखर वाढलेली असली की बाळ असं वाजवीपेक्षा मोठं होतं; ते वजन ऐकलं आणि तो नॉर्मल आकडा खोटा होता हे तिला उमगलं. सासूबाईंनाही त्यांच्या परीने उमगलं. तेव्हापासून त्यांनी गोडाला तोंड लावलेलं नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांचा तो चहा ती रोज बघायची आणि गप्प बसायची. स्टँडच्या टोकाच्या भोकात मात्र ती आजही कुणाची नळी ठेवत नाही.

मशीन थांबलं. काकांचा चेहरा उतरला.

"एकशे शहाऐंशी."

तिला रडू आलं, पण जीव भांड्यात पडला होता. पथ्य, इन्सुलिन, रोज बोट टोचणं, सगळं करता येणार होतं. या वेळी वेळेत कळलं होतं. तिने घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, साखर वाढलीय. पण आवरता येईल."



"या वेळी मी कणभरही गोड दिलं नाही गं तुला. शपथ."

"माहितीय. मागच्या वेळीही तुमचं काही चुकलं नव्हतं."



"मग कुणाचं चुकलं होतं?"

तिने कापसाचा बोळा अजून दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"संध्याकाळी चहा करून ठेवा, आई," ती म्हणाली. "तुमच्या कपात साखर घाला. मग सांगते."